ऑस्करच्या अर्जापर्यंत : एका मराठी लघुपटाच्या कागदपत्रांची हकीकत

लघुपट करणाऱ्या मंडळींच्या गप्पांत "आम्ही ऑस्करला पाठवला होता" हे वाक्य अधूनमधून ऐकू येते आणि ऐकणाऱ्याची समजूत होते की फी भरून फाइल पाठवली की काम झाले. पूर्ण लांबीच्या परभाषिक चित्रपटाचे निदान असे असते की भारतात एक समिती बसते आणि देशाची अधिकृत प्रवेशिका निवडते. लघुपटाला देशाकडून कोणी पाठवत नाही. त्याला आधी अर्ज करण्याचा अधिकार मिळवावा लागतो आणि तो मिळवण्याच्या मुख्य वाटा तीन आहेत : अमेरिकेतल्या ठरवून दिलेल्या शहरांपैकी एखाद्या शहरातील व्यावसायिक चित्रपटगृहात सलग सात दिवस तिकीट लावून रोज किमान एक खेळ करणे, ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या यादीतील एखाद्या स्पर्धात्मक महोत्सवात ठरावीक पुरस्कार मिळवणे, किंवा चित्रपटशिक्षण घेत असताना अकादमीच्या विद्यार्थी स्पर्धेत पदक मिळवणे. आम्ही दुसऱ्या वाटेने गेलो. या लेखात त्या वाटेवरच्या तारखा, पैसे आणि कागद यांचीच हकीकत अधिक आहे, कारण आम्हाला सुरुवातीला नेमके तेच कोणी सांगितले नव्हते.

माझे रोजचे काम पुण्यात जाहिरातींच्या चित्रीकरणाचे हिशेब पाहण्याचे आहे. माझा मामेभाऊ दिग्दर्शक आहे. माण तालुक्यातल्या एका गावात निवृत्तीच्या आदल्या दिवशी टपाल वाटणाऱ्या शाखा डाकपालाची त्याची गोष्ट होती. आम्ही दोघे आणि माझा एक मित्र अशा तिघांनी मिळून पैसे घातले, साडेचार लाखांच्या आसपास खर्च आला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अठरा मिनिटांचा लघुपट पूर्ण झाला. श्रेयनामावलीसह चाळीस मिनिटांपेक्षा लांब नसावा ही अकादमीची अट होती, त्यामुळे लांबीची चिंता नव्हती. "पूर्ण झाला" ही तारीख मात्र आम्ही संकलकाच्या ईमेलसह जपून ठेवली, कारण पात्रता मिळवण्यासाठी पूर्णतेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि पुढे प्रत्येक अर्जात ती तारीख विचारली जाते.

पहिला महिना तांत्रिक गोष्टींत गेला. चित्रीकरण सेकंदाला २५ चौकटींच्या वेगाने झाले होते, कारण आमच्या छायाचित्रकाराचे बरेच काम दूरचित्रवाणीसाठी असते आणि तिथे तीच पद्धत आहे. अकादमीला लागणारी डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात चालणारी डिजिटल प्रत, २४ किंवा ४८ चौकटींची असावी लागते. मुंबईतल्या एका स्टुडिओने वेग बदलून, आवाजाची पट्टी सांभाळून आणि इंग्रजी सबटायटल चित्रावर कायमची बसवून प्रत करून दिली. त्याचे चौदा हजार रुपये झाले. प्रत कुलूपबंद करायची का, असे त्यांनी विचारले तेव्हा आम्ही नको म्हटले. कुलूपबंद प्रतीला प्रत्येक चित्रपटगृहासाठी वेगळी किल्ली काढून पाठवावी लागते, आणि लहान महोत्सवाच्या प्रोजेक्शनवाल्याला ऐन खेळाच्या वेळी ती चालली नाही, तर साता समुद्रापलीकडून आपण काहीही करू शकत नाही.

शाखा डाकपालाच्या बायकोच्या तोंडी जात्यावरच्या ओव्या आहेत. गावातल्याच एका आजींनी त्या गायल्या होत्या. ओव्या परंपरेने चालत आलेल्या असल्या तरी गाणारा आवाज आजींचा आहे, म्हणून त्यांचे संमतिपत्र शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर घेतले, त्यांना मानधन दिले आणि त्याची पावती ठेवली. (ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराचा स्टॅम्प पेपर गेला, आता पाचशेचा घ्यावा लागतो.) बहुतेक महोत्सवांच्या अर्जात संगीतासह सर्व हक्क आपल्याकडे असल्याचे मान्य करावे लागते. तिथे डोळे झाकून खूण करू नये, असे हिशेब पाहणारी म्हणून मला वाटते. सेन्सॉर प्रमाणपत्राबद्दलही बरेच जण विचारतात. परदेशी महोत्सव ते मागत नाहीत आणि भारतातले महोत्सव आपल्या कार्यक्रमासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घेतात. त्यामुळे या वाटेवर ते लागले नाही; राष्ट्रीय पुरस्कारांसाठी अर्ज करायचा असेल तर मात्र ते अनिवार्य आहे.

यानंतर यादी. अकादमी आपल्या संकेतस्थळावर पात्र महोत्सवांची यादी पीडीएफ स्वरूपात देते. ती वाचताना महोत्सवाच्या नावापाशी थांबू नये, त्याच्यासमोर कोणता पुरस्कार लिहिला आहे ते पाहावे. एखाद्या महोत्सवाचा कथात्मक लघुपटासाठीचा पुरस्कार यादीत असतो, पण माहितीपटाचा नसतो; कुठे फक्त ज्यूरीचा सर्वोच्च पुरस्कार धरला जातो आणि प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार कितीही मोठ्या टाळ्यांनी मिळाला तरी धरला जात नाही. नुसती निवड झाल्याने पात्रता कुठेही मिळत नाही. फ्रान्समधला क्लेरमाँ-फेराँ, कान आणि बर्लिन ही नावे यादीत आहेत, तसा आपल्याकडचा बंगळुरूचा लघुपट महोत्सवही आहे. गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात लघुपट दाखवला जाणे ही आपल्या माणसांच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे, पण तिथल्या पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागातील निवडीचा या यादीशी संबंध नाही. त्याचप्रमाणे काही महोत्सव आपल्या जाहिरातीत "बाफ्टा पात्र" असे लिहितात. बाफ्टाचा, म्हणजे ब्रिटिश चित्रपट अकादमीचा, लघुपट पुरस्कार ब्रिटिश लघुपटांसाठी आहे, त्यामुळे माण तालुक्यातल्या लघुपटाला त्या खुणेचा उपयोग नाही. "आयएमडीबी पात्र" याचा अर्थ तर एवढाच की त्या संकेतस्थळावर पुरस्काराची नोंद होऊ शकते. दर महिन्याला डझनांनी पुरस्कार वाटणारे आणि नावात एखाद्या प्रसिद्ध शहराचा उल्लेख असणारे महोत्सव पुष्कळ आहेत. त्यांची फी भरण्यापूर्वी अकादमीची पीडीएफ उघडून पाहण्यास दोन मिनिटे लागतात.

मी एक तक्ता केला : महोत्सवाचे नाव, पात्र पुरस्कार, प्रीमियरची अट, फीचे टप्पे, निकालाची तारीख. काही मोठे महोत्सव जागतिक प्रीमियर मागतात किंवा त्याला झुकते माप देतात, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत घाईने कुठेही लघुपट दाखवू नये. त्याहून कडक अट अशी आहे की पात्रता मिळण्यापूर्वी लघुपट दूरचित्रवाणीवर किंवा इंटरनेटवर सार्वजनिकरीत्या आलेला नसावा. एकूण लांबीच्या दहा टक्क्यांपर्यंतचा तुकडा चालतो. आमची झलक एक मिनिट आणि काही सेकंदांची होती, त्यामुळे ती समाजमाध्यमांवर टाकता आली. गावातली मंडळी मात्र "यूट्यूबवर कधी येणार?" असे विचारत राहिली, आणि ज्या माणसाने आपले घर चित्रीकरणासाठी तीन दिवस मोकळे करून दिले त्याला "अजून दाखवता येत नाही" असे सांगणे जड जाते. शेवटी शाळेच्या सभागृहात कलाकार आणि त्यांच्या घरच्यांसाठी एक खासगी खेळ केला, मोबाइल बाहेर ठेवायला सांगितले आणि चहा-पोहे दिले. अख्ख्या प्रक्रियेत मला सर्वांत आवडलेला खेळ तोच.

अर्ज मुख्यतः फिल्मफ्रीवे या संकेतस्थळावरून जातात; काही युरोपीय महोत्सव शॉर्टफिल्मडेपोवरून घेतात. एकदा माहिती, छायाचित्रे, दिग्दर्शकाचा परिचय आणि पासवर्ड लावलेली लिंक भरली की पुढचे अर्ज पटापट होतात, आणि धोका तिथेच आहे, कारण पैसेही तितक्याच पटापट जातात. अमेरिकेतल्या महोत्सवांची फी साधारण तीस ते सत्तर डॉलर असते आणि मुदत जसजशी जवळ येते तसतशी वाढते. लवकरच्या टप्प्यात अर्ज केला तर तीच फी जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमधून ते सुरू करावे लागतात. शिवाय प्रत्येक व्यवहारावर परकीय चलनाचे शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो, तो हिशेबात धरावा. आमचे फीचे एकूण सत्तर हजारांच्या आसपास गेले. काही महोत्सवांना आम्ही नम्र पत्र लिहून सवलत मागितली. त्यात आम्ही स्वखर्चाने, निर्मितीसंस्थेच्या आधाराशिवाय लघुपट केला आहे एवढेच सांगितले, गरिबीचे वर्णन केले नाही. दोघा-तिघांनी निम्मी फी माफ केली, एकाने पूर्ण, बाकीच्यांनी उत्तर दिले नाही.

मे २०२३ पासून वाट पाहणे सुरू झाले. फिल्मफ्रीवेवर अर्जासमोर "विचाराधीन" अशा अर्थाची खूण महिनोन्महिने दिसत राहते. लिंक किती वेळा आणि कोणत्या देशातून उघडली गेली ते दिसण्याची सोय असल्यामुळे मामेभाऊ रोज रात्री ते आकडे पाहू लागला. एका महोत्सवाचा नकार आला तेव्हा त्या देशातून लिंक एकदाही उघडलेली दिसत नव्हती. त्याला फार राग आला, आणि माझेही डोके फिरले. मात्र निवड करणारी माणसे दुसऱ्या देशात बसलेली असू शकतात किंवा प्रत उतरवून घेऊन पाहत असतील, त्यामुळे या आकड्यांवरून ठाम काही काढता येत नाही. मी शेवटी त्या खात्याचा पासवर्ड बदलला आणि त्याला सांगितला नाही. नकारांच्या पत्रांत "यंदा विक्रमी प्रवेशिका आल्या" असे लिहिलेले असते आणि ते खोटे नसते. अमेरिकेतल्या सनडान्सच्या २०२४ च्या महोत्सवासाठी बारा हजारांहून अधिक लघुपट आले होते आणि निवडले गेले ५३. हे प्रमाण माहीत असले की नकार वैयक्तिक वाटत नाही, असे म्हणतात. आम्हाला तरी वाटतच राहिला.

पावसाळा संपता संपता पहिली निवड आली, अकादमीच्या यादीतल्या युरोपातल्या एका महोत्सवात. तिथे लघुपटाला ज्यूरीचा विशेष उल्लेख मिळाला. घरी पेढे वाटले गेले, एका स्थानिक बातमीत "माणदेशी लघुपटाची ऑस्करकडे झेप" असा मथळा आला आणि आम्हाला नातेवाइकांचे फोन घेताना प्रत्येक वेळी खुलासा करावा लागला की विशेष उल्लेख पात्रतेसाठी धरला जात नाही. बातमीदाराला आम्ही पाठवलेल्या मजकुरात तसे स्पष्ट लिहिले होते. त्यानंतर मी प्रसिद्धीचा मजकूर चार ओळींपेक्षा मोठा करायचा नाही असा नियम केला. लांब मजकुरातली नको ती ओळ मथळा होते.

हिवाळ्यात काहीच घडले नाही. याच सुमारास एका मध्यस्थाने लॉस एंजेलिसमध्ये सात दिवसांचा खेळ लावून देण्याचा प्रस्ताव दिला. रक्कम काही हजार डॉलरांची होती. ही वाट नियमात बसणारी आहे आणि ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी ती घेण्यात गैर काही नाही. आमच्या तिसऱ्या भागीदाराला ती घ्यावीशी वाटत होती. मी हिशेबाची वही पुढे ठेवली आणि विषय तिथेच संपला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या महोत्सवात निवड झाली. त्याचा ज्यूरीचा कथात्मक लघुपट पुरस्कार अकादमीच्या यादीत होता. महोत्सव एप्रिलमध्ये, निमंत्रणपत्र हातात, आणि मुंबईहून पर्यटक-व्यवसाय विसाच्या मुलाखतीसाठी मिळणारी तारीख महोत्सव उलटून गेल्यानंतरची. विसाची फी १८५ डॉलर, विमानाचे भाडे वेगळे, राहण्याची सोय महोत्सव करणार नव्हता. आम्ही जाण्याचा विचार सोडला. ज्यांचा लघुपट तयार होत आला आहे त्यांच्यापैकी दिग्दर्शकाने निदान विसाची तारीख आधीच घेऊन ठेवावी, निवड होवो वा न होवो, असे मला वाटते. खेळानंतरच्या प्रश्नोत्तरांसाठी मामेभावाने पाच मिनिटांची ध्वनिचित्रफीत पाठवली. तिथे राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने, ज्यांना आम्ही महाराष्ट्र मंडळाच्या ओळखीतून गाठले होते, खेळाला जाऊन प्रेक्षकांचे हसणे कुठे आले आणि शांतता कुठे पसरली हे फोनवर सविस्तर सांगितले. पुरस्काराचे पत्र आमच्याकडे पहाटे आले. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा आनंदाआधी पुरस्काराचे नाव पीडीएफमधल्या नावाशी अक्षरशः जुळते का ते पाहिले. जुळत होते.

त्यापुढचे काम कागदांचे होते. पुरस्काराची रक्कम मिळण्यासाठी डब्ल्यू-८बेन नावाचा अमेरिकी करअर्ज भरून द्यावा लागला. त्यात परदेशी करक्रमांकाच्या जागी पॅन क्रमांक चालतो. बँकेने पैसे कशाचे आहेत याचा खुलासा आणि महोत्सवाचे पत्र मागितले, आणि कर कापून आलेली रक्कम जमा झाली. दुसरा कागद अधिक महत्त्वाचा होता : पुरस्कार मिळाल्याचे महोत्सवाचे प्रमाणपत्र. त्यात लघुपटाच्या मराठी नावाचे रोमन स्पेलिंग आमच्या श्रेयनामावलीतल्या स्पेलिंगपेक्षा वेगळे छापले होते. दुरुस्त पत्र यायला काही आठवडे गेले, कारण महोत्सव संपला की तिथले बरेचसे कर्मचारी आपापल्या कामाला परत जातात. म्हणून पुरस्काराच्या पत्राला आभाराचे उत्तर देतानाच नावाचे अचूक रूप त्यांना लिहून पाठवणे सोयीचे.

लघुपटांसाठीचे पात्रता-वर्ष तेव्हा ऑक्टोबर ते सप्टेंबर असे चालत होते, त्यामुळे आमचा एप्रिलचा पुरस्कार ९७व्या ऑस्कर सोहळ्यासाठी धरला गेला. अर्ज अकादमीच्या संकेतस्थळावर भरायचा होता. संपूर्ण श्रेयनामावली, कथासार, दिग्दर्शकाचा परिचय, छायाचित्रे, पुरस्काराचा पुरावा आणि प्रत एवढे तयार असले की एका दिवसात भरून होतो. अडलो ते एकाच रकान्यात. नामांकन झाले तर ते कोणाच्या नावे असेल, ते लिहायचे होते. जास्तीत जास्त दोन व्यक्ती, त्याही लघुपटाच्या कल्पनेत आणि घडणीत प्रत्यक्ष निर्णय घेणाऱ्या. पैसे घातले एवढ्याने नाव येत नाही. आम्ही तिघांनी पैसे घातले होते. तिसरा भागीदार माझा शाळेपासूनचा मित्र आहे आणि त्याने पैशांखेरीज गाडी, जेवण, माणसे सगळे पाहिले होते. ते बोलणे ज्या संध्याकाळी झाले ती मला आठवायला आवडत नाही. दिग्दर्शक आणि मी अशी दोन नावे गेली. हे सगळे चित्रीकरणापूर्वी, कोणाला कशाची आशा नसताना, एका पानावर लिहून सह्या केल्या असत्या तर बरे झाले असते असे हा मित्रच आता म्हणतो, आणि त्याने हे इथे लिहिण्याची परवानगी दिली आहे.

ऑगस्टमध्ये अर्ज गेला. त्यानंतर आपण करण्याजोगे काम म्हणजे मत देणाऱ्या अकादमीच्या सभासदांनी लघुपट पाहावा म्हणून प्रयत्न करणे. प्राथमिक फेरीत भाग घेऊ इच्छिणाऱ्या सभासदांना मत देण्यापूर्वी ठरावीक संख्येने लघुपट पाहावे लागतात, पण शेकडोंतून आपला आधी पाहिला जावा यासाठी प्रसिद्धीतज्ज्ञ नेमले जातात, खास खेळ लावले जातात, अमेरिकी चित्रपट-नियतकालिकांत जाहिराती दिल्या जातात. आमच्याकडे त्यासाठी पैसे नव्हते. मामेभावाने ज्या महोत्सवांत ओळखी झाल्या होत्या त्यांना पत्रे लिहिली, तेवढेच.

त्या वर्षी कथात्मक लघुपट विभागात १८० लघुपट पात्र ठरले होते. त्यात पुण्याच्या एफटीआयआयमध्ये चिदानंद नाईक यांनी केलेला कन्नड लघुपटही होता, जो मे २०२४ मध्ये कान महोत्सवाच्या 'ला सिनेफ' या विद्यार्थी विभागात पहिला आला होता. प्राथमिक मतदान ९ ते १३ डिसेंबरला झाले आणि १७ डिसेंबरला पुढच्या फेरीत गेलेल्या पंधरा लघुपटांची यादी जाहीर झाली. आमच्याकडे ती रात्री वाचली. आमचे नाव नव्हते, एफटीआयआयच्या लघुपटाचेही नव्हते. दिल्लीत घडणारा 'अनुजा' होता. तो ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या हॉलीशॉर्ट्स महोत्सवातील पुरस्कारामुळे, म्हणजे आमच्याच वाटेने, पात्र झाला होता आणि जानेवारीत अंतिम पाचांतही पोहोचला. मला यादी वाचून वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. मामेभाऊ दोन दिवस फोन घेत नव्हता आणि मग त्याने नव्या पटकथेचा पहिला खर्डा पाठवला.

ज्यांचा लघुपट यंदा तयार होत आहे त्यांना शेवटचे दोन मुद्दे सांगते. अकादमीची नियमावली आणि महोत्सवांची यादी दरवर्षी नव्याने निघते; महोत्सव त्यात येतात आणि जातात, आणि पात्रतेच्या तारखाही सरकू शकतात, त्यामुळे वर दिलेल्या आमच्या वर्षाच्या तारखांवर विसंबू नये. दुसरे असे की फीसाठी एक रक्कम आधीच बाजूला काढून ती संपली की थांबावे. आमच्या अर्जांपैकी उपयोगी पडलेले बहुतेक अर्ज पहिल्या, स्वस्त टप्प्यातले होते. आमचा लघुपट फेब्रुवारी २०२५ मध्ये यूट्यूबवर ठेवला. गावातल्या लोकांना दुवा पाठवला तेव्हा ओव्या गाणाऱ्या आजींच्या नातवाने विचारले की श्रेयनामावलीत आजीचे नाव थोडे मोठ्या अक्षरांत करता येईल का. आता करता येते, आणि ते काम या आठवड्यात संकलकाकडे दिले आहे.